माझदा एमएक्स-५ : एक हिवाळा, एक उन्हाळा वापरून

आधी गाडी कोणती ते सांगते. माझदा एमएक्स-५, म्हणजे माझदाची टप उघडणारी दोन सीटची छोटी गाडी, चौथी पिढी, १.५ लिटर पेट्रोल, सहा गिअरची मॅन्युअल, कापडी टप. सेकंडहँड घेतली, मागच्या ऑक्टोबरात. इंग्लंडात टप उघडायचा मोसम सरला की या गाड्यांचे भाव जरा उतरतात आणि विकणारा घासाघीस ऐकून घेतो. आता ऑगस्ट संपत आलाय, म्हणजे थंडी, पाऊस आणि इथे मिळतं तेवढं ऊन, सगळं बघून झालंय.

मी राहते ऑक्सफर्डजवळ, ॲबिंग्डनला. हे गाव एमजीचं, म्हणजे उघड्या स्पोर्ट्स गाड्या बनवणाऱ्या जुन्या ब्रिटिश कंपनीचं. १९२९पासून १९८०पर्यंत एमजीच्या गाड्या इथे बनायच्या. एकटी एमजीबीच १९६२ ते १९८० चालली आणि पाच लाखांच्या वर निघाली. मग कारखान्याला कुलूप लागलं. त्याच वर्षी ट्रायम्फ कंपनीची तसलीच गाडी, स्पिटफायर, हीही बंद पडली. साध्या पगारदाराला परवडणारी उघडी दोन सीटची गाडी हा ब्रिटिशांचा हातखंडा, पण त्यांनी तो वाऱ्यावर सोडला आणि उचलला हिरोशिमाच्या माझदाने. त्यामुळे या गावात ही गाडी चालवताना थोडी गंमत वाटते. पेट्रोल पंपावर जुन्या एमजीवाले आजोबा भेटले की हसून मान हलवतात. त्यात कौतुक किती आणि खंत किती ते कळत नाही.

ही गाडी जन्मली त्याची कथा अशी. बॉब हॉल हा अमेरिकन मोटार-पत्रकार. जपानी उत्तम बोलायचा. १९७९च्या सुमारास माझदाच्या संशोधनाचे प्रमुख केनिची यामामोतो यांच्याशी बोलताना विषय निघाला, की माझदाने पुढे काय बनवावं. हॉलने सांगितलं, जुन्या ब्रिटिश रोडस्टरसारखी, म्हणजे उघडी, दोन सीटची, हलकी, स्वस्त गाडी बनवा. पुढे तो स्वतःच माझदाच्या अमेरिकेतल्या कामात रुजू झाला आणि यामामोतो १९८४ साली कंपनीचे अध्यक्ष झाले. तरी गाडी सहज मंजूर झाली नाही. टोकियोच्या चमूचं म्हणणं, इंजिन पुढे असेल तर ओढ पुढच्याच चाकांना द्या, नाहीतर सरळ इंजिन मधे घाला. कॅलिफोर्नियाचा चमू मात्र इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना या जुन्या मांडणीवर अडून बसला आणि जिंकला. फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात गाडी आली : १.६ लिटर इंजिन, हजार किलोच्या आत वजन, अमेरिकेत किंमत १३,८०० डॉलर.

मला यातला सगळ्यात शहाणपणाचा भाग वाटतो तो पैसे कुठे घातले आणि कुठे वाचवले हा. इंजिनाचं कुळ माझदाच्या ३२३ या घरगुती गाडीचं, म्हणजे तिथे बचत. पण चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन (प्रत्येक चाक वरखाली दोन दांड्यांनी धरणारी महागडी रचना), आणि गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डिफरन्शिअलपर्यंत ॲल्युमिनियमची एक ताठ चौकट, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबला की मधे काही लचकत नाही. ती चौकट माझ्या गाडीतही आहे. चालवणाऱ्याच्या हाताला, पायाला आणि पाठीला जे जाणवतं तिथे हात सैल सोडलाय. बाकी ठिकाणी काटकसर. हा हिशेब एकदा लक्षात आला की या गाडीच्या बऱ्याचशा गैरसोयींचा राग येईनासा होतो. सगळ्यांचा नाही.

गिअर हे या गाडीचं खरं सुख. छोटा दांडा, मनगटाच्या हालचालीत पडतो, आणि गरज नसताना गिअर बदलायची सवय लागते. १.५चं इंजिन १३१ हॉर्सपॉवरचं. कागदावर काही विशेष नाही, पण ते साडेसात हजार आरपीएमपर्यंत आनंदाने चढतं, आणि गाडीच हजार-पन्नास किलोची असल्यामुळे ही ताकद पुरते. याच गाडीचं दोन लिटरचं मोठं इंजिन घेतलेले मित्र माझी कीव करतात, करू देत. वॉन्टेजहून ॲशबरीकडे टेकड्यांच्या पायथ्याने जाणारा बी-४५०७ रस्ता आहे, चढउतार आणि वळणांचा. तिथे कायद्याच्या वेगातच इंजिन पूर्ण पिळून काढता येतं. जास्त ताकदीच्या गाडीत तेवढ्यात लायसन्स जाईल.

वळणावर गाडी कलते, चांगलीच कलते. पहिल्यांदा बसणारा दाराचं हँडल धरतो. पण स्प्रिंगा मुद्दाम मऊ ठेवल्यात, आणि इथल्या खड्डेवाल्या गावरस्त्यांवर त्याचा फायदाच होतो.

आता तक्रारी. मोटरवेवर ताशी ७० मैलांना टप बंद असूनही आवाज इतका, की फोनवर बोलणं नको वाटतं. डॅशबोर्डात ग्लोव्हबॉक्सच नाही. कागदपत्रं दोन सीटांच्या मधे, मागच्या कप्प्यात, कोपर वळवून काढावी लागतात. डिकी १३० लिटरची, त्यात विमानात वर ठेवायच्या दोन बॅगा जेमतेम. पिठाची दहा किलोची पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली की गाडी बेल्टसाठी टुकटुक करत राहते. स्टेपनी नाही, पंक्चरचं किट आहे. टप मात्र एका हाताने, बसल्या जागी मागे लोटता येतो. सिग्नल हिरवा व्हायच्या आत होतं. मोटर नाही, म्हणून वजनही नाही आणि बिघडायलाही काही नाही.

जानेवारीत सीटमागचा गालिचा ओला लागला. टपाच्या कडेने पाणी वाहून जायची भोकं असतात, त्यात आधीच्या मालकाच्या झाडाचा पाला बसला होता. मऊ वायर घालून साफ केल्यावर पुन्हा थेंब आला नाही. आता पानगळीनंतर हे काम नेमाने करायचं.

जूनमध्ये आई-बाबा आले. हीथ्रोला अर्थातच नवऱ्याची गाडी न्यावी लागली. बाबांची सगळी नोकरी पिंपरीत झाली, त्यामुळे त्यांचा पहिला प्रश्न, "माझदा म्हणजे ती कंपनीच्या बसवाली ना?" हो, तीच. स्वराज माझदाची मिनीबस आपल्याला पाठ, पण माझदाची मोटार भारतात कधी विकायला आलीच नाही. नंतर त्यांनीच गोव्यात बनलेल्या सॅन स्टॉर्मची आठवण काढली : दोन सीट, फायबरग्लासची बॉडी, रेनोचं इंजिन. आपल्या धुळीत आणि ट्रकच्या धुरात उघड्या गाडीची हौस किती दिवस टिकते, हा प्रश्न वेगळा. आई एकदा फिरून आली आणि म्हणाली, बसायला ठीक आहे गं, उठवायला दोन माणसं ठेव.

घ्यायचीच असेल तर कुठली? पहिली पिढी, लावले की बॉनेटमधून वर येणाऱ्या आणि बंद केले की झाकल्या जाणाऱ्या दिव्यांची, दिसायला सर्वांत गोड, पण आता ती जपून ठेवायची वस्तू झालीय. १९९८ची दुसरी पिढी अजून स्वस्तात मिळते. तिला मागे काचेची खिडकी आली आणि ते वर येणारे दिवे गेले. या दोन्हींत दाराखालचा पत्रा आणि मागच्या चाकांच्या कमानी नीट बघा, इथल्या हिवाळ्यातलं रस्त्यावरचं मीठ तिथूनच खायला लागतं. २००५ची तिसरी अंगाने भरली. उंच माणसाला तीच सोयीची, आणि घडी होणारा कडक टपही तिच्यात मिळतो; मला मात्र ती जरा जड वाटली. त्याआधी, १९९५-९६मध्ये, एमएक्स-५च्या यशामागोमाग बीएमडब्ल्यू झेड३, एमजीएफ, मर्सिडीज एसएलके, पोर्शे बॉक्स्टर अशी रांग लागली होती. माझदा मात्र २०१५च्या चौथ्या पिढीत उलट मागे फिरली. ही ३,९१५ मिलिमीटर लांब, म्हणजे १९८९च्या गाडीपेक्षाही आखूड. दहा लाखावी एमएक्स-५ एप्रिल २०१६मध्ये निघाली.

चौथीच घेणार असाल तर २०१८च्या बदलानंतरची शोधा. त्याआधी स्टिअरिंग वरखाली होतं पण पुढेमागे होत नाही, आणि पाय लांब असले तर हात ताणून बसावं लागतं. माझी उंची पाच फूट तीन, म्हणून मला आधीची चालली आणि चार पैसे वाचले. सहा फुटांच्या नवऱ्याला तिच्यात नीट बसता येत नाही, त्यामुळे किल्ली कायम माझ्याकडेच असते.