बडोद्यात लंगफिश पाळायचा, तर कोणता?

लंगफिश म्हणजे फुप्फुसाने हवेतला श्वास घेऊ शकणारा मासा. जगात त्याच्या सहाच जाती उरल्या आहेत: चार आफ्रिकेत, एक दक्षिण अमेरिकेत, एक ऑस्ट्रेलियात. ऑस्ट्रेलियाचा विचार आधीच सोडून द्या. त्याच्या व्यापारावर साइट्स या वन्यजीवांच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराचे निर्बंध आहेत. तो दीड मीटरपर्यंत वाढतो, आणि शिकागोच्या शेड मत्स्यालयात १९३३ मध्ये आलेला एक तर २०१७ पर्यंत जगला. त्याला एकच फुप्फुस असतं आणि एरवी तो कल्ल्यांवरच भागवतो.

बाकी दोघांना, म्हणजे आफ्रिकेच्या आणि दक्षिण अमेरिकेच्या माशांना, फुप्फुसांची जोडी असते, पण कल्ले इतके दुबळे की वर येऊन हवा घेता आली नाही तर हा मासा पाण्यातच गुदमरून मरतो. म्हणून टाकी काठोकाठ भरू नका, झाकणाखाली चार बोटं हवा राहू द्या. आपल्याकडे मे महिन्यात लाइट गेली आणि पंप बंद पडला तरी त्याचं लगेच अडत नाही. जानेवारीच्या रात्री मात्र हीटर हवाच.

आफ्रिकेच्या माशाची ख्याती त्याच्या झोपेची आहे. तळं आटलं की तो चिखलात शिरतो आणि अंगाला चिकट स्राव लपेटून घेतो. हा स्राव वाळून कोष होतो, श्वासाला तोंडापाशी एक भोक राहतं. एरवी अंगातून अमोनिया बाहेर टाकणारा हा मासा तेव्हा त्याचा युरिया करून साठवतो, नाहीतर स्वतःच्याच विषाने मरेल. स्नायू झिजवत तो पावसाची वाट पाहतो. हे पाहण्यासाठी घरी टाकी कोरडी करू नका, तो छळ आहे.

दक्षिण अमेरिकेचा मासाही बीळ करून बसतो, पण असा वाळलेला कोष करत नाही. विणीच्या काळात नराच्या मागच्या परांवर लाल तंतूंची झालर फुटते, आणि तोच घरटं राखतो. लहानपणी हा मासा काळा असतो, अंगावर सोनेरी ठिपके.

माझं मत दक्षिण अमेरिकेच्या बाजूने आहे, कारण आफ्रिकेचा जास्त भांडखोर असतो, सोबतच्या माशांचे पर तोडतो. तरी दोन्हींपैकी कोणताही एकटाच ठेवा, आणि टाकी उंचीपेक्षा लांबी-रुंदीला मोठी घ्या. दक्षिण अमेरिकेचा सव्वा मीटरपर्यंत जातो. आफ्रिकेचाच हवा असेल तर जात विचारून घ्या, पूर्व आफ्रिकेतली एक जात दोन मीटरपर्यंत वाढते. सांभाळणं जमेनासं झालं तर सूरसागर तलावात किंवा विश्वामित्री नदीत मुळीच सोडू नका, दुसरा पाळणारा शोधा.