फियाट घाटात बंद पडायची आणि कापला जायचो मी

आमच्याकडे बाबांची 1994 ची पद्मिनी आहे, 1089 सीसी, हाताचा गियर, घरात अजून सगळे फियाटच म्हणतात. मे महिन्यात चिपळूणहून रत्नागिरीला येताना बावनदी ओलांडून निवळीचा घाट चढायला लागलो की दोन आचके देऊन बंद. अर्धा तास थांबलं की काही झालंच नाही अशी चालू. मला वाटलं व्हेपर लॉक, म्हणजे गरमीने पेट्रोलची लाईनमध्येच वाफ होते ते, म्हणून इंजिनाच्या फ्युएल पंपावर ओलं फडकं टाकत बसायचो. फरक शून्य.

मग हायवेवरच्या एका गॅरेजवाल्याने गाडी ओढून नेली. कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देतो तो, खोलला, आतल्या वॉशर-जेटचं किट टाकलं, 2300 रुपये. गाडी चालू झाली, मी खूश. दहा दिवसांनी परत तेच, आता म्हणे पंप गेलाय, नवीन पंप 1900. तिसऱ्यांदा कार्बोरेटरच बदलला, 6500, जुना ‘एक्स्चेंज’मध्ये त्याने ठेवून घेतला. बिल म्हणजे वहीचा फाडलेला कागद.

यातली गंमत मला फार उशिरा कळली. गरम होऊन बंद पडणारी गाडी थंड झाली की आपोआपच चालू होते, मग तासभरात त्याने नुसती काच पुसली असती तरी ती चालू झालीच असती, आणि आपल्याला वाटतं मिस्त्रीच्या हाताला काय गुण आहे! गावातल्या गावात ती तेवढी तापतच नाही, त्यामुळे पुढच्या लांबच्या फेरीपर्यंत आपण समाधानी.

चौथ्यांदा तो म्हणाला इंजिनाचं हेड उतरवावं लागेल, 18,000. तिथे बाबा भडकले. ते रत्नागिरीतल्या त्यांच्या जुन्या ओळखीच्या चाचांकडे घेऊन गेले. चाचांनी बॉनेट उघडलंच नाही, पुढच्या सीटवर बसले नि म्हणाले, “चल घाटात, बंद पडू दे, मग बघू.” बंद पडली तशी एअर फिल्टर काढून अ‍ॅक्सिलरेटरची लिंक हाताने ओढली, पेट्रोलची धार व्यवस्थित. फिल्टर परत बसवून कॉईलची (प्लगच्या ठिणगीसाठी जोराची वीज करते ती) मधली वायर डिस्ट्रिब्युटरमधून (ती वीज प्लगांना वाटतो तो) काढली, रबरी पकडीने ब्लॉकपासून पाव इंचावर धरली आणि मला सेल्फ मारायला लावला. ठिणगीच नाही. पिशवीतून दुसरी कॉईल काढून जोडली आणि गाडी गरमगरमच एका सेल्फमध्ये चालू. कॉईल तापली की आतली वायर सुटते, थंड झाली की परत चिकटते, म्हणून थंड असताना मीटरवर ठणठणीत दाखवते. कंडेन्सर, म्हणजे ठिणगीच्याच सर्किटमधला छोटा डबा, गेला तरी असंच होतं म्हणे, त्यांनी तोपण बदलून टाकला. सगळे मिळून 1100 रुपये, चहा त्यांनीच पाजला.

मग त्यांनी पंपावर नखाने खरवडलं, चंदेरी रंगाखाली आमच्याच पंपाची जुनी काळी मळी. आणि कार्बोरेटर बघून म्हणाले, हा तुमचा नाही, तुमचा सोलेक्स कंपनीचा होता, ह्याच्यावर तर कुणाचं नावच नाही.

गॅरेजवर गेलो तर तो म्हणतो, “साहेब, जुना माल भंगारात गेला, तुम्हीच हो म्हणाला होतात.” म्हणालो होतो हे खरंच आहे, कागदावर काहीच नाही, भांडणार कशाच्या जोरावर! आता तोच डुप्लिकेट लावून फिरतोय, लिटरला 13 द्यायची ती 9 देते. पुढच्या महिन्यात मुंबईला जाणं आहे तेव्हा कुर्ल्याच्या भंगार बाजारात सोलेक्स मिळतो का बघणार, आणि बाबा सोबत येणार आहेत कारण त्यांचा माझ्यावर भरवसा उरलेला नाही.