ठाण्यातल्या हॉटेलांच्या दारावरची ‘स्मायली’: कामाची की शोभेची?

एफएसएसएआयचं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, हॉटेलांसाठीचं स्वच्छता-मानांकन ऐच्छिक आहे. एक ते पाच स्मायली, तपासणी त्रयस्थ संस्थेची. कल्पना चांगली, अंमल कच्चा. नौपाड्यात वडापावसाठी थांबलेलं गिऱ्हाईक पाटी वाचत बसत नाही, आणि कमी स्मायली मिळालेला मालक सक्तीशिवाय ती लावेल कशाला?

ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेला सामाजिक शास्त्रांचे तज्ज्ञही सल्ला देत आले आहेत. नियम कागदावर बरोबर असला तरी माणसं प्रत्यक्षात कशी वागतात, हा त्यांचा प्रांत. वेल्समध्ये तर २०१३पासून स्वच्छतेच्या गुणांची पाटी दारावर लावणं सक्तीचं आहे.

इथे तूर्त हॉटेलचा १४ अंकी परवाना क्रमांक फॉसकॉसवर, म्हणजे एफएसएसएआयच्या परवान्यांच्या संकेतस्थळावर, ताडून पाहा. कढईतही डोकवा: तेल पुन्हा पुन्हा तापवल्यावर त्यात वाढणारे ध्रुवीय घटक २५ टक्क्यांवर गेले की तेल बाद. टक्के डोळ्यांना दिसत नाहीत, पण फेस आणि धूर दिसतो.