संस्थेतला मोठा टीव्ही: दुकानाचा मेकॅनिक, ओळखीचा इलेक्ट्रिशियन की एजन्सी?

सोमवारी सकाळी शिपायाने जुन्या इमारतीचा हॉल उघडला, तेव्हा ६५ इंची टीव्ही डाव्या अंगाने चार बोटं खाली आलेला होता. वरचा एक स्क्रू गिट्टीसकट, म्हणजे भोकात ठोकलेल्या प्लास्टिकच्या खुंटीसकट, भिंतीतून निघाला होता आणि खाली सतरंजीवर मूठभर माती सांडली होती. त्याच सतरंजीवर रोज दुपारी अभ्यासिकेची मुलं बसतात. हा टीव्ही आठच महिन्यांपूर्वी दुकानाच्या माणसाने 'फ्री इन्स्टॉलेशन'मध्ये बसवून दिला होता. भिंत कशाची आहे हे त्याने विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. त्यानंतर आमच्या संस्थेच्या तिन्ही इमारतींतले टीव्ही मी समोर उभं राहून बसवून घेतले. जे कळलं ते इथे मांडतो. पतसंस्था असो, क्लास असो, दवाखाना असो की ग्रामपंचायत, प्रश्न सगळ्यांचा सारखाच असतो.

दुकानातून किंवा कंपनीकडून येणाऱ्या मेकॅनिकला मॉडेल तोंडपाठ असतं आणि वॉरंटीची नोंद तोच करून देतो. पण त्याला पुढच्या घरी जायची घाई असते आणि पिशवीत एकाच मापाच्या गिट्ट्या असतात. विटांची पक्की भिंत आणि ४३ इंचांपर्यंतचा टीव्ही असेल तर तो पुरेसा आहे, जास्त पैसे घालवू नका. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला इमारतीची नस माहीत असते. कुठली लाइन कुठून गेली, कुठल्या बोर्डाला अर्थिंग नाही, हे त्याला न बघता सांगता येतं आणि हाक मारली की तो येतो. मात्र वजन भिंतीवर कसं तोलायचं हा त्याचा विषय नाही. संभाजीनगर, नांदेड किंवा लातूरहून येणारी ऑडिओ-व्हिडिओची एजन्सी आधी जागा बघून जाते, अँकर, म्हणजे भिंतीत पकड घेणारा बोल्ट, भिंतीप्रमाणे निवडते आणि जबाबदारी लेखी घेते. ती महाग पडते आणि नंतर तक्रार केली तर माणूस यायला दोन-चार दिवस लागतात.

माझं मत असं: ५५ इंचांच्या पुढचं काहीही, आणि लोकांच्या डोक्यावर येणारं काहीही, एजन्सीकडूनच. वीजजोडणी मात्र आपल्या इलेक्ट्रिशियनकडून.

पण या निवडीच्याही आधी भिंत बघायची. पहिलं भोक पाडताना ड्रिलखाली कोरा कागद धरा. गिलाव्याची सिमेंट-वाळू आधी पडेल, ती सोडून द्या, त्यानंतर काय येतं ते बघा. लाल भुकटी आली तर वीट. राखी, बारीक भुकटी आली आणि ड्रिल जड चाललं तर काँक्रीट. पांढरट, हलकं पीठ आलं आणि ड्रिल सरसर आत गेलं तर सिपोरेक्स, म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे ब्लॉक. माती आली तर मशीन बंद करा.

विटांच्या भिंतीत अडचण फारशी नाही. एवढंच, की दीड-दोन सेंटिमीटरचा गिलावा काहीच धरत नाही, त्यामुळे अँकरची पकड त्याच्या आत, भरीव विटेत हवी, सांध्यात नको. सिपोरेक्स हल्ली नव्या बांधकामात सगळीकडे दिसतं. तिथे फुगणारा लोखंडी फास्टनर ब्लॉकच चिरतो. केमिकल अँकर (भोकात रसायन भरून चिकटवलेला बोल्ट), नाहीतर भिंतीच्या आरपार बोल्ट आणि मागून लोखंडी पट्टी, हे दोनच उपाय मला पटले. जिप्समचं पार्टिशन उभं राहत असेल तर आत्ताच, बोर्ड मारायच्या आधी, आतून १८ मिलिमीटरचं प्लायवूड घालायला सांगा. नंतर ते काम दुप्पट त्रासाचं होतं.

दगडमातीची भिंत हा आपल्या मराठवाड्याचा खास प्रश्न. जुने वाडे, जुन्या शाळा, वाचनालयं यांच्या भिंती दोन-अडीच फूट रुंद असतात, त्यामुळे त्या भक्कम वाटतात. दगड काळा, कठीण आहेच, पण दोन दगडांच्या मध्ये नुसती माती असते. अँकर भोवतालच्या कठीण मालावर दाब देऊन उभा राहतो, मातीत त्याला दाबायला काही मिळत नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात अशाच भिंतींखाली हजारो माणसं गेली, हे लातूर-धाराशिवकडच्या माणसाला सांगायला नको. २०२४ सालीही हिंगोली-नांदेड-परभणी भागात साडेचार रिश्टरच्या आसपासचे धक्के बसले. अशा भिंतीवर मोठा टीव्ही टांगूच नये, कितीही चांगली एजन्सी असली तरी. जमिनीवर उभा राहणारा रुंद पायाचा स्टँड किंवा चाकांना लॉक असलेली ट्रॉली घ्या. स्टँडला जागा लागते, वायर पायात येते, मुलं धक्का मारतात, हे सगळं खरं. तरी इथे तोच योग्य.

स्टँडची ही गोष्ट जुन्या भिंतीपुरती. पक्क्या भिंतीवर टीव्ही टांगायचा ठरला, तर ब्रॅकेट कुठला हा पुढचा प्रश्न. भिंतीला चिकटून बसणारा सर्वांत मजबूत, थोडा खाली झुकणारा दवाखान्याच्या वेटिंग हॉलला सोयीचा, कारण तिथे टीव्ही उंच लावावा लागतो. पुढे ओढता येणारा हाताचा ब्रॅकेट शोरूममध्ये छान दिसतो, पण त्याचा हिशेब करून बघा. ४० किलोचा पॅनल भिंतीपासून ५० सेंटिमीटर पुढे ओढला आणि ब्रॅकेटच्या वरच्या-खालच्या बोल्टांमधलं अंतर ४० सेंटिमीटर असेल, तर वरच्या बोल्टांना भिंतीतून उपटणारी ओढ ५० किलोची होते, पॅनलचं खाली ओढणारं वजन वेगळंच. तोच पॅनल भिंतीपासून ६ सेंटिमीटरवर असेल तर ही ओढ ६ किलोची. काँक्रीटची भिंत नसेल तर हाताचा ब्रॅकेट घेऊ नका. वर्गातल्या टच पॅनलला तर नकोच. ७५ इंची टच पॅनल साधारण ५० किलोच्या घरात जातो आणि त्यावर दिवसभर हात दाबले जातात.

आकाराबाबत एक साधा ठोकताळा आहे: शेवटच्या रांगेचं अंतर चित्राच्या उंचीच्या सहापटीपेक्षा जास्त नको. ६५ इंची टीव्हीची उंची सुमारे ३२ इंच, म्हणजे १६ फुटांपर्यंतच फळ्यासारखं वाचता येईल. लातूर-नांदेडच्या क्लासचे लांबच लांब हॉल डोळ्यांपुढे आणा. तिथे एक मोठा टीव्ही लावण्यापेक्षा मध्यावर दुसरा लावलेला बरा. पण मग एचडीएमआय केबल लांबते आणि १०-१५ मीटरच्या पुढे साधी केबल दगा देऊ लागते. तिथे फायबरची एचडीएमआय किंवा कॅट-सिक्स या लॅन केबलवरून सिग्नल नेणारी जोडणी लागते. हे काम एजन्सीचंच.

घरगुती टीव्ही की कमर्शियल डिस्प्ले? दिवसाला तीन-चार तास चालणार असेल तर घरगुती चालतो, पण व्यावसायिक वापरात वॉरंटी लागू राहते का, हे वॉरंटी कार्डावर वाचून घ्या. बऱ्याच कंपन्या ती नाकारतात. बँकेतला किंवा दवाखान्यातला स्क्रीन दिवसभर सुरू असतो, त्याला रोज १६ किंवा २४ तासांसाठी बनवलेला डिस्प्लेच घ्यावा.

विजेचं काम फुकटात उरकू नका. काळी माती उन्हाळ्यात तडकते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि नेमक्या त्याच दिवसांत, एप्रिल-मेमध्ये, वळवाच्या पावसाबरोबर विजा पडतात. टीव्ही लावायच्या आधी इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मीटरवर बघून घ्या. तो दोन-तीन व्होल्टच्या पुढे असेल तर आधी अर्थिंग दुरुस्त करा, खड्ड्यात पाणी घाला. मुख्य बोर्डात विजेचा अचानक आलेला झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टर बसवा. छतावरची डिश आणि लांबून आलेली लॅन केबल यांतूनही झटका आत येतो, म्हणून आभाळ भरून आलं की, गडगडाट सुरू व्हायच्या आधीच, प्लगबरोबर त्यांच्या केबलीही काढायच्या; गडगडाट सुरू झाल्यावर त्यांना हात लावू नका.

कोटेशन मागताना अँकरचा प्रकार आणि माप, ब्रॅकेटची वजनक्षमता आणि किती महिने मोफत येणार हे लिहून घ्या. नुसतं 'इन्स्टॉलेशनसह' एवढंच लिहिलेलं कोटेशन परत पाठवा. बिलाचा शेवटचा हप्ता देण्याआधी कारागिराला टीव्ही उतरवायला लावा आणि मोकळ्या ब्रॅकेटला त्याच्यासमोर जोर लावून ओढून बघा. टीव्ही परत चढवला की त्याला ब्रॅकेटवरून निसटू न देणारा खालचा सेफ्टी स्क्रू बोटाने चाचपा. आमच्याकडे तिसऱ्या इमारतीत एजन्सीच्या माणसाने पाणसळ लावून सगळं रेषेत बसवलं होतं, आणि तो स्क्रू मात्र खोक्यातच राहिला होता.