आंतरराष्ट्रीय शाळेत नाटक शिकवायचंय: केंब्रिज की आयबी?

मुंबई-पुण्याच्या आंतरराष्ट्रीय शाळांमध्ये माध्यमिक वर्गांसाठी ‘ड्रामा टीचर’ची जागा निघते, तेव्हा जाहिराती एकसारख्याच दिसतात: सहावी ते बारावी, माध्यम इंग्रजी, वर्षाला एक मोठं नाटक. बोर्डाचं नाव तळाशी एका ओळीत असतं, पण दिवस कसा जाणार हे ती ओळ ठरवते. केंब्रिज (ब्रिटिश परीक्षा मंडळ) आणि आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) या दोन्हीकडचं बोलावणं आलेल्याने आधी एवढंच पाहावं की गुण कशाला आहेत आणि ते देतं कोण.

केंब्रिजच्या आयजीसीएसई ड्रामात (साधारण नववी-दहावी) ६० टक्के गुण प्रात्यक्षिकाला आणि ४० टक्के अडीच तासांच्या लेखी परीक्षेला असतात. प्रात्यक्षिकात प्रत्येक मूल तीन तुकडे (छोटी सादरीकरणं) करतं: एक एकट्याचा, ३ ते ५ मिनिटांचा, एक छापील नाटकातला, गटाने केलेला, आणि एक गटाने स्वतः रचलेला. गटाच्या तुकड्याची कमाल मर्यादा १५ मिनिटं. गुण पहिल्यांदा शिक्षकच देतो, मग बोर्ड चित्रीकरणाचे काही नमुने मागवून तपासतं. त्या नमुन्यांत हात सैल दिसला तर नुकसान अख्ख्या वर्गाचं होतं, कारण गुण सगळ्यांचेच खाली आणले जातात. म्हणून इथला शिक्षक अर्धा परीक्षक असतो. दर महिन्याला दोन-तीन जुने व्हिडिओ सहकाऱ्याबरोबर बसून स्वतंत्रपणे तपासायचे आणि आकडे जुळवून पाहायचे, ही सवय पहिल्या वर्षीच लावावी. शाळेत नाटकाचा दुसरा शिक्षक नसेल (बहुधा नसतोच), तर इंग्रजीच्या शिक्षकाला पकडावं.

आयबी डिप्लोमाच्या थिएटर विषयात (अकरावी-बारावी) लेखी पेपरच नाही. २०२४पासून परीक्षेला आलेल्या अभ्यासक्रमात हायर लेव्हलला (विषयाच्या वरच्या पातळीला) चार कामं आहेत: प्रयोगाचा प्रस्ताव (२० टक्के), अपरिचित नाट्यपरंपरेवरचं संशोधन-सादरीकरण (२०), सामूहिक निर्मिती (२५) आणि एखाद्या नाट्यविचारवंताच्या सिद्धान्तावर उभं केलेलं एकल सादरीकरण (३५). स्टँडर्ड लेव्हलला एकल सादरीकरण नसतं आणि उरलेल्या तिघांची वाटणी ३०-३०-४० अशी होते. यातला फक्त प्रस्ताव शिक्षक तपासतो, बाकी सगळं बाहेरचे परीक्षक. म्हणजे गुण देण्याचं ओझं कमी, वाचनाचं मात्र प्रचंड. प्रयोगांबरोबर लेखी अहवालही जातात आणि कच्च्या मसुद्यावर शिक्षकाला एकदाच अभिप्राय देता येतो. तो अभिप्राय घाईत दिला तर दुसरी संधी नाही.

करंडकांच्या तालमीत वाढलेल्या माणसाला खरी अडचण इथेच येते. एकांकिका बसवताना दिग्दर्शक हालचाली ठरवतो, लय बांधतो, वाक्य कुठे तोडायचं ते सांगतो. आयबीच्या सामूहिक निर्मितीत यातलं काहीच चालत नाही. निर्मिती मुलांची असते. शिक्षकाने प्रश्न विचारायचे, खोली मिळवून द्यायची, वेळ मोजायची. प्रवेश डोळ्यांदेखत फसत असताना गप्प बसणं हे कसबाचं काम आहे आणि सगळ्यांना ते जमत नाही, जमायलाच हवं असंही नाही. केंब्रिजमध्ये स्वरचित तुकड्यासाठी बंधन असलं तरी एकट्याच्या तुकड्यात आणि छापील नाटकाच्या प्रवेशात उच्चार, देहबोली, संहितेचं वाचन हे शिकवायला भरपूर वाव आहे. नटाला घडवण्यात रस असेल तर ओढा तिकडे राहील.

दोन्हीकडे काय बिघडतं तेही वेगवेगळं.

केंब्रिजमध्ये बिघडतो तो चित्रीकरणाचा हिशोब. वर्गात २४ मुलं असतील तर एकट्याचे तुकडे सरासरी ४ मिनिटांनी ९६ मिनिटं. चार-चारचे सहा गट, प्रत्येकाचे दोन तुकडे, कमाल लांबी धरली तर आणखी १८० मिनिटं. हा झाला निव्वळ प्रयोगाचा वेळ. कपडे, नेपथ्य बदलणं, एखादी फेरी पुन्हा घेणं धरलं तर सभागृह दोन पूर्ण दिवस हवं. ते दिवस फेब्रुवारीतच ठरवावेत. मार्चमध्ये सभागृहात परीक्षेची बाकं लागतात आणि साहित्य पाठवायची मुदत एप्रिलमध्ये येऊन ठेपते. कॅमेरा तिपाईवर, खिडकी कॅमेऱ्याच्या पाठीशी, आवाजासाठी रंगमंचाजवळ वेगळा माइक. सगळ्यांनी काळे कपडे घातले की कोण कोण ते परीक्षकाला ओळखू येत नाही, म्हणून ओढणी, पट्टा किंवा शर्टाचा रंग वेगळा ठेवावा आणि सुरुवातीला प्रत्येकाने आपलं नाव व क्रमांक सांगावा.

लेखी परीक्षेसाठी नाट्यउतारा आधी येतो. तो पाठ करून घेणारे शिक्षक फसतात. प्रश्न नट, दिग्दर्शक किंवा नेपथ्यकार म्हणून विचारलेले असतात, त्यामुळे उतारा प्रत्यक्ष उभा करून पाहिलेल्या मुलालाच ‘ही ओळ म्हणताना कुठे वळाल आणि का’ याचं उत्तर लिहिता येतं.

आयबीत बिघडतं ते व्याप्तीत. संशोधन-सादरीकरणासाठी मूल कथकळी निवडतं आणि १५ मिनिटांत तिचा इतिहास सांगत बसतं. अपेक्षा असते एकाच संकेताची, समजा डोळ्यांच्या हालचालीची, आणि तो स्वतःच्या शरीरावर आजमावून पाहण्याची. दुसरी चूक जुन्या कागदांमुळे होते. आधीच्या अभ्यासक्रमात सामूहिक प्रयोग १३ ते १५ मिनिटांचा होता, आता तो ७ ते १० मिनिटांचा आहे. कपाटातल्या जुन्या नमुन्यांवरून तालीम सुरू केली की निम्मं काम कापावं लागतं.

आता नोकरीच्या टिकाऊपणाविषयी. आयबीचा विद्यार्थी सहा विषय घेतो आणि कलेच्या गटाऐवजी त्याला आणखी एक विज्ञान किंवा दुसरा विषय घेता येतो. अभियांत्रिकी किंवा वैद्यकीयकडे जाणारी मुलं तेच करतात. त्यामुळे थिएटरच्या वर्गात चार-पाचच मुलं असणं नेहमीचं. एकच उरला तर सामूहिक निर्मिती अडते आणि शाळा विषयच बंद करण्याचा विचार करू लागते. म्हणून मुलाखतीत गेल्या तीन वर्षांतली पटसंख्या विचारावी. केंब्रिजच्या दहावीपर्यंत वर्ग बहुधा मोठे असतात, पण ए लेव्हलला (अकरावी-बारावी) नाटक शिकवणाऱ्या शाळा कमी. बऱ्याच शाळा दहावीपर्यंत केंब्रिज आणि पुढे आयबी अशा मिश्र आहेत. तिथे एकाच शिक्षकाला दोन्ही रीती सांभाळाव्या लागतात. काम जास्त, पण नाटकाच्या माणसाला सगळ्यात भक्कम जागा माझ्या मते तीच.

वेळापत्रक मात्र कुठेही तपासून घ्यायचंच. हायर लेव्हलला २४० तास लागतात, स्टँडर्डला १५०. दोन वर्षांत शिकवण्याचे साधारण ६० आठवडे धरले तर हायरला आठवड्याला ४ तास, म्हणजे ४० मिनिटांच्या सहा तासिका. शाळा पाचच देत असेल तर शेवटी सुमारे ४० तास कमी पडतात आणि ते शनिवारी, फुकट, भरून काढावे लागतात. तासिका सुट्या-सुट्या न घेता जोडून मागाव्यात. चाळीस मिनिटांत हजेरी, बूट काढणं, शरीर मोकळं करणं, शेवटची आवराआवर वजा केली तर तालमीला वीस मिनिटंच उरतात.

खालच्या वर्गांत चित्र उलटं होतं. आयबीच्या मधल्या टप्प्याला (सहावी ते दहावी) कला या विषयगटाला वर्षाला किमान ५० तास आणि प्रत्येकी ८ गुणांचे चार निकष बांधून दिलेले आहेत. प्रत्येक घटकाचा आराखडा लेखी द्यावा लागतो, तोही ऑनलाइन प्रणालीवर. कागदकामाचा कंटाळा असेल तर इथे दम निघतो. केंब्रिजकडे सहावी ते आठवीचा नाटकाचा अभ्यासक्रम बहुधा शिक्षकच बांधतो. अनुभवी माणसाला ही मोकळीक आवडते. नवख्याला पहिल्या वर्षी आधार राहत नाही.

पगाराचा आकडा बोर्डावर कमी आणि शाळेवर जास्त अवलंबून असतो, तेव्हा करारातल्या इतर गोष्टी पाहाव्यात: उन्हाळ्याच्या सुट्टीचा पगार, नोटीस किती महिन्यांची, आयबीच्या प्रशिक्षण कार्यशाळेचा खर्च कोण करणार आणि त्याबदल्यात किती वर्षं थांबायचं. बी.एड. बऱ्याच शाळा मागतात. नसेल तर ते कधीपर्यंत पूर्ण करायचं हे लेखी घ्यावं. आणि वार्षिक नाटकाच्या तालमी शाळा सुटल्यावर होत असतील तर ते तास कामाच्या भारात धरले जातात का, हा प्रश्न सही करण्याआधीच विचारावा. नंतर विचारला तर ‘ते तर तुमचं आवडीचं काम’ एवढंच ऐकायला मिळतं.