चेन नसलेली सायकल, दीड वर्षानंतर

दीड वर्षापूर्वी घेतलेल्या माझ्या सायकलीला चेन नाही, डिरेल्युअर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलून गिअर बदलणारे यंत्र, नाही आणि मागच्या चाकावर दातेरी चकत्यांची ती नेहमीची चळतही नाही. एरवी जिथे फक्त बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पॅडलच्या आसाचा आधार, असतो, तिथे पिनिऑन या जर्मन कंपनीची सी १.१२ ही बारा गिअरची बंद पेटी बसवलेली आहे आणि तिच्यातून निघणारी ताकद गेट्सच्या कार्बन ड्राइव्ह पट्ट्याने मागच्या चाकाकडे जाते. या दोन्ही गोष्टी बहुधा एकत्रच विकल्या जातात, त्यामुळे त्यांचे कौतुकही एकत्र होते आणि त्यांच्यावर टीकाही एकत्रच होते. ते मला योग्य वाटत नाही. पट्ट्यावर मी जवळजवळ पहिल्याच आठवड्यात खूश झालो. पेटीशी माझे जुळायला मात्र दोन महिने लागले.

पट्ट्याबद्दल आधी. तो पॉलियुरेथेनचा असून त्याच्या लांबीभर कार्बनचे धागे बसवलेले असतात आणि ताण सहन करण्याचे काम हे धागेच करतात. चेन 'लांबते' असे आपण म्हणतो, तेव्हा तिचे पोलाद ताणले गेलेले नसते, तर शंभराहून अधिक सांध्यांमधल्या पिना थोड्या थोड्या झिजलेल्या असतात आणि त्या झिजेची बेरीज आपल्याला दिसत असते. पट्ट्याला सांधेच नसल्यामुळे ही बेरीज होत नाही. सांधे नाहीत म्हणून तेल नाही, आणि तेल नाही म्हणून त्याला चिकटून बसणारी धूळही नाही. चिखलातून आल्यावर मी पट्ट्यावर आणि चकत्यांवर बादलीभर पाणी ओततो, एका जुन्या ब्रशने दाते घासतो आणि सायकल जागेवर लावतो. पँटच्या उजव्या पायावरचा काळा डाग आता इतिहासजमा झाला आहे. आवाजाच्या बाबतीतही तक्रारीला फारशी जागा नाही. फक्त कोरड्या, बारीक धुळीत बराच वेळ चालवल्यावर पट्टा चिवचिवू लागतो आणि बाटलीतले घोटभर पाणी टाकताच शांत होतो.

माझ्या सायकलीवर चकतीच्या मधोमध उभी कड आणि पट्ट्याच्या मधोमध तिच्यासाठी खाच, अशी रचना आहे. त्यामुळे पट्टा बाजूला सरकून उतरण्याची शक्यता फार कमी होते, पण पुढची आणि मागची चकती अगदी एका रेषेत असावी लागते. चेन तिरकी चालून घेते, किंबहुना डिरेल्युअरची सगळी मदार तिच्या त्या तिरके चालण्यावरच असते. पट्टा तिरका चालत नाही, आणि म्हणूनच तो डिरेल्युअरबरोबर वापरता येत नाही. त्याला एकच गिअर, हबमधले (मागच्या चाकाच्या मध्यभागी असलेल्या नळकांड्यातले) गिअर किंवा अशी पेटी यांपैकी काहीतरी लागते.

शिवाय चेनप्रमाणे पट्टा तोडून पुन्हा जोडता येत नाही. तो अखंड असतो, म्हणून त्याला आत घेण्यासाठी फ्रेमचाच मागचा त्रिकोण कुठेतरी उघडावा लागतो. माझ्या फ्रेममध्ये उजव्या बाजूच्या वरच्या नळीत बोल्टने बंद होणारा सांधा आहे. ताण देण्यासाठी चाकाचे आधार पुढे-मागे सरकतात. हा ताण बोटाने दाबून ठरवायचा नसतो: पट्टा तंबोऱ्याच्या तारेसारखा छेडायचा आणि त्याचा सूर किती हर्ट्झचा आहे ते मोबाइलवर पाहायचे. मला सुरुवातीला हा प्रकार दिखाऊ वाटला होता. मग पहिल्या पंक्चरच्या वेळी मी घाईत चाकाच्या आसाबरोबर सरकत्या आधारांचे बोल्टही सैल केले, परत बसवताना ताण अंदाजाने दिला आणि पुढच्याच चढावर उभा राहून जोर लावताच पट्टा एक दात सोडून खाडकन घसरला. अशा घसरण्यात आतल्या धाग्यांना इजा होऊ शकते, तशीच ती पट्टा पिळल्याने किंवा मुडपल्यानेही होते. चूक सर्वस्वी माझी होती. आता मी तो सूर न चुकता तपासतो.

पेटीचा विषय जास्त गुंतागुंतीचा आहे. तिच्यात दोन समांतर दांड्यांवर मोटारीच्या गिअरबॉक्समध्ये असतात तशी दातेरी चाके तेलात फिरतात, आणि ही उपमा ओढूनताणून आणलेली नाही, कारण २००८ साली ही कंपनी काढणारे दोघेही अभियंते आधी पोर्शेमध्ये गिअरबॉक्सवरच काम करत होते. सर्वांत जड गिअर सर्वांत हलक्याच्या सहापट आहे, म्हणजे आवाका ६०० टक्के आहे. १० ते ५२ दात्यांच्या मागच्या चकत्या आणि पुढे एकच चकती अशा आजच्या डिरेल्युअरवर तो ५२० टक्के असतो. त्याहून मला मोलाची वाटली ती पायऱ्यांची समानता: प्रत्येक गिअरमधले अंतर सुमारे १७.७ टक्के आहे, त्यामुळे पुढचा गिअर पायाला कसा लागेल हे आधीच कळते. सायकल उभी असतानाही गिअर बदलता येतो. सिग्नलला जड गिअरमध्येच थांबलो, तर हँडलवरची मूठ फिरवून एकदम चार गिअर खाली येता येते. सामानाने लादलेल्या सायकलीवर या सोयीची किंमत कळते.

मात्र चढावर, पायाचा पूर्ण जोर असताना, गिअर हलका करायला गेलात तर मूठ फिरतच नाही. पॅडलवरचा दाब क्षणभर सोडावा लागतो, मूठ फिरवावी लागते आणि पुन्हा जोर द्यावा लागतो. डिरेल्युअरवर वाढलेल्या पायाला ही शिस्त अंगवळणी पडेपर्यंत मी कित्येक चढांवर मूठ पिळत मध्येच थांबलो आहे. आता तो क्षण आपोआप, क्रँक (पॅडलचा दांडा) उभी असताना, जिथे पायाचा जोर तसाही नसतो तिथे, साधला जातो. पण ज्यांना ही सवय लावून घ्यायचीच नाही, त्यांना ही पेटी रोज त्रास देईल आणि त्यात त्यांचे काही चुकते असेही मी म्हणणार नाही.

ताकदीचे नुकसानही मान्य केले पाहिजे. स्वच्छ, तेल घातलेल्या चेनच्या तुलनेत पेटीतली दातेरी चाके काही टक्के ताकद खातात, आणि आधीच ताणलेला पट्टा हलक्या पॅडलिंगला किंचित जड वाटतो. पेटीचे वजन सुमारे २.१ किलो आहे. ते सायकलीच्या मध्यभागी आणि खाली असल्याने चालवताना जाणवत नाही. सायकल उचलून जिना चढताना मात्र चांगलेच जाणवते. पॅडल उलटे फिरवून पुन्हा पुढे मारताना चाक पकडण्याआधी पाय थोडा मोकळा जातो, कारण मागच्या हबमधला खेळ, म्हणजे सैलपणा, आणि पेटीतला खेळ यांची बेरीज होते. घड्याळाशी शर्यत लावणाऱ्यांनी ही सायकल घेऊ नये. तेल १०,००० किलोमीटरनंतर किंवा वर्षातून एकदा बदलायचे असते. मी ते एकदाच बदलले आणि ते काम चेन साफ करण्यापेक्षा सोपे निघाले.

याच पट्ट्याबरोबर रोलॉफ कंपनीचा स्पीडहब, म्हणजे आत गिअर असलेला मागच्या चाकाचा हब, घेता आला असता. १९९८ पासून मिळणाऱ्या त्या हबमध्ये १४ गिअर आणि ५२६ टक्क्यांचा आवाका आहे, पायऱ्याही १३.६ टक्क्यांच्या, म्हणजे माझ्या पेटीपेक्षा बारीक आहेत. पण त्याचे सगळे वजन मागच्या चाकात जाते. माझ्या सायकलीचे मागचे चाक साधे आहे. हबच्या बाजूने एक मुद्दा मात्र क्वचितच मांडला जातो: हबमध्ये गिअर पट्ट्याच्या नंतर येतो, पेटीत तो पट्ट्याच्या आधी येतो. म्हणून पेटीच्या पहिल्या गिअरमध्ये पायाचा जोर १.८२ पट होऊन मग पट्ट्यावर पडतो. माझा पट्टा नेमका चढावरच का घसरला, याचे अर्धे उत्तर यात आहे.

घेताना मूळ प्रश्न फ्रेमचा येतो. चांगला डिरेल्युअर नंतरही लावता येतो, पण ही पेटी तिच्यासाठी खास कंस जोडलेल्या फ्रेमलाच बसते, म्हणजे हा निर्णय फ्रेम जोडली त्या दिवशीच झालेला असतो. तेव्हा पाहायला गेलात तर मागच्या त्रिकोणातला सांधा नीट आवळलेला आहे का, सरकते आधार दोन्ही बाजूंना सारखे आहेत का आणि मागून पाहिल्यावर दोन्ही चकत्या एका रेषेत दिसतात का, हे आधी पाहा आणि गिअर नंतर फिरवा. पट्टे ठरावीक लांबीचेच मिळतात आणि वाटेतल्या साध्या दुकानात ते मिळत नाहीत. माझ्या पिशवीत तळाशी एक जादा पट्टा सैल वेटोळे करून ठेवलेला असतो. दीड वर्षात तो बाहेर काढायची वेळ आलेली नाही.