शहरातल्या वनोद्यानात सहकुटुंब फेरी: डांबरी वाट, बोर्डवॉक की मातीची पायवाट?

वाट निवडताना बहुतेक जण आधी किलोमीटर बघतात. बरोबर लहान मुलं किंवा गुडघे दुखणारे आजी-आजोबा असतील, तर त्याआधी दोन गोष्टी बघाव्यात: पायाखाली काय आहे आणि अर्ध्यातून परत फिरणं सोपं आहे का.

तरी अंतराचा हिशेब उरकून घेऊ. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये दिलेला ठोकताळा ताशी ५ किलोमीटर, शिवाय दर ६०० मीटर चढाईला एक तास जास्त, असा आहे. पण तो धडधाकट प्रौढांचा. तीन-चार वर्षांचं मूल प्रत्येक मुंगळ्यापाशी थांबतं, तेव्हा ताशी दीड-दोन किलोमीटर धरा. पाटीवर ‘४५ मिनिटे’ लिहिलेली फेरी मग सहज दोन तास खाते.

डांबरी किंवा काँक्रीटची वाट बाबागाडी आणि व्हीलचेअरसाठी बिनघोर. अट फक्त चढाची. २० मीटरला १ मीटर चढ असेल तर त्रास होत नाही. १२ मीटरला १ मीटर हा चढ रॅम्पसाठीही कमाल धरतात आणि तो लांबवर असेल तर ढकलणाऱ्याचा दम निघतो. उतारावर बाबागाडीच्या दांडीचा सुरक्षापट्टा आपल्या मनगटात अडकवलेला बरा. इथला खरा उपद्रव सायकलींचा. मुलाला कडेच्या बाजूला ठेवा. उन्हात डांबर तापतं आणि गाडीतलं बाळ जमिनीच्या जवळ असतं. सावलीसाठी गाडीवर कापड मात्र झाकू नका, आत हवा कोंडून आणखी उकडतं.

बोर्डवॉक म्हणजे पाणथळीवरून जाणारी लाकडी फळ्यांची वाट. पाणपक्षी, चतुर, बेडूक बघायला हिच्यासारखी दुसरी नाही, पण आत शिरण्याआधी तिच्याकडे नीट बघा. फळ्या चालण्याच्या दिशेला आडव्या असतील तर गाडी नुसती खडखडते. उभ्या असतील तर पुढची छोटी चाकं फटीत अडकतात आणि गाडी जागच्या जागी थांबते. पुढे रुंदी. दीड मीटर असेल तर व्हीलचेअर वळते आणि समोरून येणाऱ्याला वाट देता येते. ९० सेंटीमीटरच्या वाटेवर गाडी समोरासमोर आली की एकाला उलटं जावं लागतं. कठडा नसेल तर धावऱ्या वयाच्या मुलाचा हात पूर्ण वेळ धरावा लागेल, आणि ते दोघांनाही कंटाळवाणं होतं. पावसानंतर झाडाखालचा भाग सर्वांत दगाबाज: तिथलं लाकूड उशिरा वाळतं, त्यावर शेवाळाचा पातळ थर बसतो. आधी बुटाचा तळवा घासून बघा. सरकला तर त्या दिवशी बोर्डवॉक नको. पकडीसाठी फळ्यांवर तारेची जाळी ठोकलेली असेल तर उत्तम, फक्त सुटलेल्या कोपऱ्यात बूट अडकतो.

मातीची पायवाट मोठ्यांना नकोशी वाटते, मुलांना हीच हवी असते. उड्या मारायला मुळं आणि दगड असले की डांबरावर कुरकुरणारं पोर इथे आपणहून पुढे पळतं. चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी आमचं मत हिलाच, दोन किलोमीटरच्या आत. घट्ट दाबलेल्या मुरुमावर हवेची मोठी चाकं असलेली गाडी चालते, पुढचं चाक सरळ लॉक करून. सुट्या खडीत मात्र कुठलीही गाडी रुतते. बाळ पाठीवरच्या कॅरिअरमध्ये असेल तर खालच्या फांद्या त्याच्या डोक्याला लागतात, शिवाय चालून तुम्हाला घाम येत असतो तेव्हा ते गारठलेलं असू शकतं. चिखल आला तर बाजूने वळसा घालू नका, सरळ त्यातून जा. नाहीतर वाट रुंदावत जाते आणि कडेची रोपटी तुडवली जातात. गोचिडांचा भाग असेल तर लांब पँट घाला आणि गवताला न घासता वाटेच्या मधोमध चाला.

गोल फेरी की गेल्या वाटेनेच परत? पहिल्या खेपेला दुसरी. गोल फेरीत मूल नेमकं सर्वांत लांबच्या टोकाला बसकण मारतं आणि तिथून पुढे-मागे सारखंच अंतर असतं. गेल्या वाटेने यायचं असेल तर हाताशी असलेल्या वेळेचा ४० टक्के भाग संपताच वळा, कारण येताना पाय जड होतात. गोल फेरीच करायची तर सकाळी उघड्यावरचा भाग आधी घ्या, सावलीचा शेवटी ठेवा. आणि स्वच्छतागृह बहुधा प्रवेशद्वारापाशीच असतं, तेव्हा ते काम आत शिरण्याआधी उरका.